खिचडीच्या शेडमधली झोळी

प्रिय मावशी,

तुम्हाला जाऊन दोन महिने होत आले. इतके दिवस काही लिहिलं नाही. आज शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून लिहितेय, त्याला कारण आपली आरती. तुम्ही गेल्यापासून घरी बसलेली चौथीतली आरती आज शाळेत आली. आनंदाची बातमी वाटते ना? सकाळी मलाही वाटली होती. आता तसं वाटत नाही, आणि हे कुणाला सांगावं ते कळत नाही. आपल्या सरांना सांगितलं तर म्हणतील, "मॅडम, आली ना पोरगी? मग झालं की!"

तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे काय मला ठाऊक नाही? पण त्याचाच तर तुम्ही केवढा उपयोग करून घेतलात! शाळेची खिचडी शिजवता शिजवता एकेका पोराला समोर बसवायचात. "वाच रं, या पिशवीवर काय लिव्हलंय? मला काय कळतंय त्यातलं!" पोरं ऐटीत वाचायची. चुकली तरी तुम्हाला कळणार नाही, म्हणून घाबरायची नाहीत. माझ्यासमोर तोंडातून शब्द न काढणारी आरती तुमच्यासमोर तेलाची पिशवी, मिठाचा पुडा, माझ्या डब्याखालचा पेपरसुद्धा वाचायची. आणि मी समजत होते, ही माझ्या वाचनकार्डांची किमया!

तशीच हजेरीची गोष्ट. मी भिंतीवर तक्ता लावला, रोज येणाऱ्याला एक चांदणी. पटावर सगळी मिळून एकवीस पोरं, पण हजेरी अशी सुधारली की केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत मला उभं करून टाळ्या वाजवल्या. आल्या आल्या तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "लई चांगलं झालं म्याडम," आणि पातेल्याच्या तळाची खरवड खास माझ्यासाठी काढून दिलीत. हसला होतात का हो मनातल्या मनात?

कारण पोरी चांदणीसाठी येत नव्हत्याच. आई-बाप पहाटे शेंद्र्याच्या कंपनीच्या गाडीत बसले की घरातलं तान्हं मोठ्या बहिणीच्या कडेवर. अंगणवाडीत एवढं लहान घेत नाहीत. मग बहीण शाळेत कशी येणार? तुम्ही कुणाला न विचारता शेडच्या लोखंडी आडव्या दांड्याला तुमची जांभळी साडी बांधलीत आणि झोळी केलीत. एका हातात डाव, दुसऱ्या हातात झोळीची दोरी. मी ते रोज बघत होते. तुमचं काहीतरी सुरू असतं, एवढंच वाटायचं मला.

आणि मग तो तपासणीचा दिवस. मावशी, मला याच्याबद्दलच लिहायचंय आणि मघापासून मी इकडचं तिकडचं लिहितेय.

साहेब शेडमध्ये डोकावले आणि हसत म्हणाले, "काय मॅडम, शाळा आहे की पाळणाघर?" बस, एवढंच. झोळी काढा असं ते म्हणाले नाहीत. फाटकापर्यंत जाईस्तोवर विसरलेही असतील. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांची गाडी वळते न वळते तोच मी तुमच्याकडे आले आणि म्हणाले, "मावशी, ही झोळी सोडा आधी. उद्यापासून इथं लेकरं नकोत."

तुम्ही "बरं म्याडम" म्हणालात. एवढंच! आतलं लेकरू उचलून आरतीच्या हातात दिलंत, साडीची नीट घडी घातलीत आणि चुलीकडं वळलात. का नाही भांडलात हो माझ्याशी? तांदूळ निवडताना सरपंचाला चार शब्द सुनावणाऱ्या तुम्ही! एकदा तरी म्हणायचं होतंत, "म्याडम, लेकरू झोळीत हाय तवर पोरगी वर्गात हाय." कदाचित मी ऐकलं नसतं. पण निदान माझ्या कानावर तरी पडलं असतं.

त्यानंतर पोरी गळत गेल्या. मी पालकसभा घेतली, तीन बायका आल्या. फोन केले, तर "पाठवतो, पाठवतो" म्हणायचे. मी तक्त्यावर मोठ्या चांदण्या लावल्या, सोनेरी! आरती तेवढी येत राहिली, कारण तिच्या भावाला तुम्ही पोत्यावर स्वतःजवळ निजवत होतात. मी ते न बघितल्यासारखं करायचे. आणि मग एका सकाळी तुम्ही उठलाच नाहीत.

तुमच्या जलदानविधीला मी मागं बसले होते. बाया एकमेकींना सांगत होत्या, "माझं धाकटं तिच्याच झोळीत मोठं झालं." आरतीची आई सुनीता माझ्याकडं बघून म्हणाली, "मावशी होती म्हणून पोरगी शाळेत होती म्याडम." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. वंदनेला सगळ्यांसोबत हात जोडले, पण तुमच्या फोटोकडं बघायची हिंमत झाली नाही.

काल मी सुनीताच्या घरी गेले, तिच्या सुट्टीच्या दिवशी गाठलं तिला. म्हटलं, आरतीला पाठव. ती भाकरी थापता थापता शांतपणे म्हणाली, "मी कामावर नाय गेले तर कसं व्हायचं? लेकरू कुणाजवळ ठिवू? तुमच्याजवळ?" आरती कोपऱ्यात भावाला मांडीवर घेऊन बसली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याला घेऊन ये शाळेत."

आणि आज ती आली. कडेवर नऊ महिन्यांचा भाऊ, आणि दप्तरात तुमची जांभळी साडी. झोळी सोडली त्याच दिवशी तुम्ही ती तिला देऊन टाकली होतीत म्हणे. मला कधी बोलला नाहीत.

मी हौसेनं झोळी बांधायला गेले. नुसता हात ठेवून बघितला तर गाठ सुटून साडी खाली. देवा, लेकरू आत नव्हतं! आरती म्हणाली, "असं नाय म्याडम. मावशी दोनदा फिरवायची." पोरीनं बाकावर चढून स्वतः गाठ मारली. तुमच्या जागी आलेल्या नव्या बाईंना म्हटलं, जरा दोरी ओढाल का? त्या म्हणाल्या, "मला खिचडीचं सांगितलंय, लेकराचं कुणी नाय सांगितलं." खोटं काय त्यात? तुम्हाला तरी कुणी सांगितलं होतं?

मग काय, झोळीची दोरी आरतीनंच धरली. मी वर्गात तिसरी-चौथीला भागाकार शिकवत होते आणि खिडकीतून ती दिसत होती. दोरी ओढतेय, सोडतेय, ओढतेय. लेकरू निजलं म्हणून उठली की ते रडायचं, ती परत बसायची. मोबाईलवर तिची हजेरी लावली. हजर. आज कितीतरी दिवसांनी चौथीची हजेरी पूर्ण भरली, मावशी! वर कुणी बघितलं तर शाबासकीच देईल.

मधल्या सुट्टीत मी पुस्तक घेऊन तिच्याजवळ गेले. म्हटलं, वाच. ती वाचेना. माझ्यासमोर तिचं तोंड पुन्हा मिटलेलं. दोरी ओढत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "म्याडम, घरी बी मी हेच करते."

तिचा सूर तक्रारीचा नव्हता. जे होतं ते तिनं सांगितलं.

तेव्हापासून मला काही सुचत नाही. मी शिकलेली बाई, माझ्याकडं तक्ते आहेत, कार्डं आहेत, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं आहेत. एका हातानं खिचडी आणि एका हातानं झोळी सांभाळणारं माणूस कुठून आणू? आणि जे होतं, त्याला मी "सोडा ती झोळी" म्हणाले. माफी मागायची होती मावशी. झोळी सोडल्यावर तुम्ही दोन महिने होतात, तेव्हा मागितली नाही.

फार मोठं वचन देत नाही. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, साहेबांची गाडी दिसली की मी पदर सावरते. पण उद्या तिसरी-चौथी तुमच्या शेडमध्ये बसेल, चुलीपासून लांबच्या भिंतीला. धूर होईल, नव्या बाई कुरकुरतील, सर हसतील. दोरी मी धरीन आणि आरती वाचेल. चुकलं तर मी मधे बोलणार नाही, मला कळलंच नाही असं दाखवीन. साहेब आले आणि पुन्हा तेच म्हणाले, तर काय उत्तर देईन ते आज मला माहीत नाही. हातातली दोरी मात्र सोडणार नाही. उत्तर द्यायला जमलं नाही, तरी तेवढं तर जमेल ना हो मला?

तुम्ही कायम 'म्याडम'च म्हणालात, नावानं कधी हाक मारली नाहीत. म्हणून आज नाव लिहिते.

तुमची,
वैशाली