न्हाणीघराची कडी

३ मार्च
न्हाणीघराच्या दाराची कडी गायब! स्क्रूची चार भोकं तेवढी उरलीत. बायकोला विचारलं. म्हणे, "गंजली होती." गंजली? गेल्या वर्षी मीच तर नवी बसवली!

४ मार्च
गोळ्यांचा डबा माझ्या उशाशी असायचा. आज तो हिच्या कपाटात गेला. किल्ली कमरेला. दुखायला लागलं की लहान पोरासारखा हात पसरायचा. बत्तीस वर्षं घरोघर टपाल वाटलं, एक पाकीट कधी इकडचं तिकडे झालं नाही — आणि घरात माझ्यावरच पहारा!

६ मार्च
गुडघा नवा बसवला, माणूस जुनाच राहिला. व्यायाम घ्यायला येणारी बाई खूश — "काका, नव्वद अंशांपर्यंत वाकतोय!" मग स्वयंपाकघरात हिच्याशी कुजबुज. कान टवकारले. एवढंच कळलं — "एकटं सोडू नका." वॉकर टेकत आत गेलो, तर दोघी चहात साखर किती यावर बोलायला लागल्या. मला काय दूधखुळा समजतात?

९ मार्च
लेक बॅग घेऊन राहायला आली. म्हणे, "सहज, बाबा." ऐन कामाच्या दिवसांत सहज कोण येतं? पाणी मुरतंय कुठेतरी. ऑपरेशनमध्ये घोळ झालाय आणि डॉक्टरांनी फक्त यांना सांगितलंय. नक्की!

१० मार्च
जेवलो नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. लेक दारात स्टूल टाकून बसली होती. दिवसभर.

१२ मार्च
आज फुटलो. "काय लपवताय माझ्यापासून? पाय कापायचाय का?" ही म्हणाली, "पाय चांगलाय हो तुमचा. मी वही वाचली तुमची. सत्तावीस तारखेचं पान."

माझी वही! हिने! तोंडाला येईल ते बोललो. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "एकदा वाचा तुम्हीच."

वाचणार नाही.

१३ मार्च
वाचलं. "कुणाला काय फरक पडतो? संपवून टाकावं एकदाचं." गुंगीत लिहिलं असेल, आठवत नाही. पण अक्षर माझंच. उद्या डॉक्टरांना गुडघा नाही, हे पान दाखवायचं. ही वाचून दाखवेल. माझ्याने व्हायचं नाही.