राबाखालची माती

प्रिय अक्षदावहिनी,

शिवथरला तुझ्या माहेरी फोन केला की तू कामात आहेस असं सांगतात. म्हणून लिहितेय. रागावली असलीस तरी शेवटपर्यंत वाच.

आई हिंडतेफिरते, पण कालपर्यंत उरलेल्या भाताचं एक शीतही घरात ठेवत नव्हती, लगेच गुरांना घालायची. मला ते बघवत नसे. सुहासदादाला सकाळी शिळा भात आणि कांदा लागायचाच. नवा कशाला शिजवू, म्हणून तू त्याला चिडवायचीस. त्या सकाळीही त्याने तोच मागून खाल्ला. दुपारी उलट्या आणि ताप. मुंबईला नेईपर्यंत तो आपल्याला ओळखेनासा झाला आणि तिथेच गेला. उलटीत भातातले जंतू सापडले आणि अख्ख्या भावकीने तुझ्याकडे बोट दाखवलं. बाराव्याला आई जे बोलली ते मी लिहिणार नाही. तू मुकाट निघून गेलीस, कारण तुलाही ते खरंच वाटलं होतं. तेच मला जास्त छळतं.

माझं लॅबमधलं काम तुला ठाऊकच आहे. काही जंतू जाड कवच करून वर्षानुवर्षं मातीत निजून राहतात. तेच बीजाणू. भातातल्या जंतूचे आणि गुरांच्या काळपुळीच्या, म्हणजे अँथ्रॅक्सच्या जंतूचे बीजाणू दिसायला सख्खे भाऊ, सूक्ष्मदर्शकाखाली बघूनही फसायला होतं. आम्ही अशी प्रतिपिंडं वापरतो, जी त्यांतल्या एकालाच धरतात आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. भातातले तर घरोघरच्या भातात असतात गं, आईच्याही आणि माझ्याही.

पवळ्या बैल उभ्याउभ्या कोसळला, तेव्हा दादाने मीठ घालून त्याला बांधाशेजारी पुरलं होतं. पुढच्या वर्षी तिथेच रोपांसाठी शेण-पाचोळा पसरून राब भाजला. राब भाजला की जमीन शुद्ध होते, असं आपण सगळेच धरून चालतो. पण बीजाणूंना त्या धगीचं काही नसतं. ढेकळं फोडताना दादाचं मनगट खरचटलं आणि तिथे काळी खपली आली. दुखत नव्हती, म्हणून आपण सगळ्यांनीच ती हसण्यावारी नेली. वेळेवर इंजेक्शनं मिळाली असती तर तो वाचलाही असता.

मुंबईच्या हॉस्पिटलात त्या खपलीचा नमुना राखून ठेवला होता. त्यातून वाढवलेले बीजाणू आणि राबाखालची माती, दोन्ही आमच्याकडे तपासली. दोन्हींत काळपुळीचंच प्रतिपिंड चिकटलं, भातातल्या जंतूचं नाही. ती जागा आता काटे लावून बंद केली आहे.

काल आईला सांगितलं, तर रात्री उरलेला भात तिने गुरांना घातला नाही. आज सकाळी तिने रात्रीचा भात काढला, कांदा फोडला आणि रडत रडत खाल्ला. मग म्हणाली, "अक्षदाला लिव गो. म्हनावं, तुझ्या हातात कायबी वाईट नाय. माझ्याच जिभेत व्हतं."

तू परत यावंस म्हणून लिहीत नाही. तुझी आई सांगत होती, तू तेव्हापासून भाताला शिवली नाहीस. वहिनी, दादा तुझ्या भाताने गेला नाही. आज पोटभर भात खा.

तुझीच,
मानसी