पाणी तापायला ठेवा

आई, काल बारामतीच्या ऑफिसात माझी नेहमीची युक्ती फसली आणि तुझी चालली, म्हणून लिहायला बसले आहे.

वैद्यकीय कायद्याच्या वकिलीत माझं आयुष्य गेलं. कोर्टात भांडले, सरकारी समित्यांवर बसले आणि डॉक्टरांना एकच गोष्ट बजावत राहिले: ऑपरेशन जिचं, होकार तिचाच हवा. पण होकार खरा की पढवलेला, हे घरच्यांसमोर कळत नाही. म्हणून बाईसोबत आलेल्यांना मी आधी चहाला पाठवते. काल माळेगावहून सासू-सून आल्या. सुनेची गर्भपिशवी काढायची ठरली होती, पण ती सही करेना, म्हणून डॉक्टरांनीच माझ्याकडे धाडलं. सासूबाईंना म्हटलं, खाली जाऊन चहा घेऊन या.

"च्या सोडलाय मी. तिला बोलता येत न्हाय, मीच सांगते. दोन पोरं झाली, आता पिशवीचं काय लोणचं घालायचंय? तुमी समजवा तिला."

सुनेची मान खाली. आणि मला तू आठवलीस. कळसच्या उपकेंद्रातली नर्सबाई, भरभर चालतेस, तुझी बॅग धरून मागे मी. कुणाच्याही घरात शिरलीस की पहिलं फर्मान, "पाणी ठेवा तापायला. मोठं पातेलं घ्या." सासू, नवरा, दीर, सगळे चुलीकडे. परतताना मी विचारलं होतं, नुसतं तपासायला एवढं पाणी कशाला? तू म्हणालीस, "माणसं पाण्याला गेली की बाई बोलते. चल, पाय उचल."

मी म्हटलं, "मावशी, गुडघे धरलेत माझे. आत शेगडी आहे, शेकायला जरा पाणी तापवून द्याल?" चहा नाकारणारी ती बाई पदर खोचून उठली. आपल्याकडे पाहुणचार नाकारता येतो, काम नाही. तुला हे केव्हाच कळलं होतं.

दार लोटलं तशी सून म्हणाली, "मला न्हाय काढायची. गोळ्यांनी बरं वाटतंय. पण घरात कोण ऐकतंय?" मी तिचा नकार लिहून काढला. तिनं तो दोनदा वाचला आणि सही केली.

सासूबाईंनी बादली माझ्या पायाशी ठेवली. "घाला पाय. झालं का बोलून?"

मी पाय बादलीत सोडले.

"मला काय कळत न्हाय व्हय, वकीलबाई? माझी काढली तवा कुणी कुणाला पाणी तापवाय धाडलं न्हाय."

तू गेल्यावर हे पत्र आता कुठे जायचं नाही, म्हणून तुला सांगते. गुडघ्यांचं मी खोटं बोलले नाही. ते दुखतात, फक्त ऑफिसात कुणाला माहीत नाही. त्या दोघी गेल्यावर पाणी गार होईपर्यंत मी पाय काढले नाहीत.

त्या निघताना नकाराची एक प्रत मी सुनेच्या हाती दिली. दवाखान्याची प्रत मी स्वतः पोचवणार होते, ती सासूबाईंनी मागून घेतली. "मीच देते तितं," म्हणाल्या. आज दुपारी डॉक्टरांचा फोन आला, मिळाली म्हणून.