समुद्रातल्या मॅकरोनीची वाटणी

मी, कु. युडोरा क्लॅरिसा इयरवुड, वय वर्षे एकाहत्तर, राहणार ब्लॅक रॉक, बार्बाडोस; व्यवसाय सुक्या मॅकरोनीची आयात व विक्री; शिक्षण लॅटिन व ग्रीक, ज्याचा वरील व्यवसायात काडीचाही उपयोग झाला नाही; पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय ही व्यवस्था लिहून ठेवीत आहे. ‘दडपणाशिवाय’ हा शब्द वकील श्री. ऑथ्नील होल्डर यांचा. मी तो राहू दिला, कारण निदान या कागदापुरता तो खरा आहे. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती वाईट लिहिलेली होती.

१. माझे वडील वारले तेव्हा मी स्कॉटलंडमध्ये शिकत होते. अंत्यविधीसाठी एक सुटकेस घेऊन आले. त्यांच्या मृत्युपत्रात एक अट निघाली: मॅकरोनीची एजन्सी चालू आहे तोवरच आईला घरात राहता येईल, एजन्सी सुटली की घर आणि स्वान स्ट्रीटवरचे दुकान, दोन्ही चर्चला जातील. एजन्सीचा नियम असा की पहिला कंटेनर बंदरात उतरण्याआधी पुढच्याची ऑर्डर परदेशातल्या मॅकरोनीच्या कारखान्याला गेली पाहिजे. बेट लहान, कंटेनर मोठा. त्यामुळे अर्धा माल गोदामात आणि पूर्ण माल समुद्रात, ही आमच्या घराची कायमची स्थिती. आई गेल्यावर अट संपली आणि सर्व मालमत्ता माझ्या नावावर झाली. मी सुटकेस काढली. तेव्हाही एक कंटेनर समुद्रात होता. तो उतरवला की मग जाऊ, असे मी ठरवले. ती सुटकेस आजही कपाटावर आहे. ती कोणालाही देऊ नये, तिचे बिजागर तुटले आहे.

२. माझी ग्रीक व लॅटिन पुस्तके परगण्यातील मुलींच्या शाळेला द्यावीत. मुख्याध्यापिकाबाई ती कपाटात बंद करून ठेवतील, हे मला ठाऊक आहे. त्यांना माझे एवढेच सांगणे की किल्ली निदान कपाटालाच लावून ठेवावी.

३. माझी भाची जेनेल, माझ्या दिवंगत भावाची मुलगी, मागच्या वर्षी माझ्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर टोरोंटोहून तीन आठवड्यांसाठी आली. ती तेथे पुलांचे आराखडे काढते. म्हणजे काढत असे. आता ती मॅकरोनीची लांब, पोकळ नळी कानाशी धरून मोडते आणि आवाजावरून माल ताजा की जुना ते सांगते. ही विद्या मी तिला शिकवली नाही. गेल्या महिन्यात ती जेवताना म्हणाली, “आत्या, पुढचं जहाज उतरलं ना, की मी तिकीट काढते.” माझ्या हातातला काटा तसाच राहिला. हे वाक्य मी त्याच टेबलावर, त्याच खुर्चीत बसून आईला ऐकवलेले आहे. हे मृत्युपत्र त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात आहे.

४. म्हणून: दुकान, गोदाम, एजन्सीचे सर्व हक्क, आणि माझ्या मृत्यूच्या दिवशी समुद्रात असेल तो कंटेनर, हे सारे मी श्री. फिट्झरॉय गिटन्स, किराणा व्यापारी, स्वान स्ट्रीट, यांना देत आहे. हा स्नेह समजू नये. या गृहस्थांनी एकदा माझी एजन्सी मोडण्यासाठी स्वस्तातली आखूड, वाकडी मॅकरोनी कंटेनर भरून आणली. या बेटावर रविवारी चीज घालून भाजलेल्या मॅकरोनीच्या वड्या पाडतात. लांब नळ्या एकमेकींना धरून बसतात म्हणून वडी ताटात उभी राहते. आखूड तुकड्यांची ढासळते. हे सहा वर्षांच्या मुलीला कळते. बाजारातल्या मिसेस ओनिटा स्किट यांनी ते पाकीट त्यांच्याच काउंटरवर आपटले होते: “काय हो गिटन्स, ही कसली वाकडी बोटं आणलीत? पाद्रीसाहेब जेवायला यायचे, आणि मी त्यांना चमच्यानं चिखल वाढू?” तो माल सेंट फिलिपमधल्या डुकरांनी खाल्ला. बायकांना मी फितवले, असे गिटन्स आजवर सांगत आले आहेत. मला त्याची गरज नव्हती.

तेव्हापासून दर शुक्रवारी ते माझ्या दारात उभे राहून म्हणतात, “बाई, या वयात कशाला हा भार? द्या की मला!” दिला. वडिलांचे काउंटरमागचे उंच स्टूलही त्यांनाच द्यावे. त्यावर बसले की रस्ता पूर्ण दिसतो आणि समुद्र अजिबात दिसत नाही. ही बातमी त्यांना माझ्या दफनाआधी सांगू नये.

५. ब्लॅक रॉकचे घर व बँकेतील सर्व ठेव जेनेलला. या कलमात मी प्रथम लिहिले होते की तिने एका महिन्यात घर विकून टोरोंटोला परत जावे, अन्यथा घर चर्चला जाईल. मजकूर निर्दोष होता. श्री. होल्डर यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि हसू लागले.

“यात हसण्यासारखं काय आहे?” मी विचारले.

“मिस इयरवुड, वडिलांनी तुम्हाला आत कोंडलं, तुम्ही पोरीला बाहेर कोंडताय. चर्च मात्र दोन्हीकडे तेच!”

मी त्यांना सांगितले की तुमचे काम टंकलेखन तपासण्याचे आहे. नंतर घरी येऊन ती ओळ खोडली. या कलमास कोणतीही अट नाही. विकावे, राहावे, रंग द्यावा. हिरवा सोडून, ही केवळ विनंती.

६. दफनाच्या दिवशी दुकान बंद ठेवावे. जेवणात वड्या लांब नळीच्याच असाव्यात. गिटन्स यांना कोपऱ्यातली वडी द्यावी. ती करपलेली असते.

७. जेनेलपासून काही लपवू नये म्हणून हा मसुदा मी काल तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, “दुकान त्या गिटन्सला? आत्या, तो महिन्याभरात बुडवेल!”

“बुडवू दे.”

“मग मी काय करू?”

मला हे विचारण्याची मुभा कधी मिळाली नव्हती. या प्रश्नाचे उत्तर मी या कागदात कोठेही लिहिलेले नाही. कोणी शोधू नये.

मी हयात असेपर्यंत वरीलपैकी काहीही अमलात येत नाही. जहाज गुरुवारी लागते आहे. पुढची ऑर्डर मी आज सकाळी पाठवली. बंदरावर मी एकटी जाईन, असे जेनेलला सांगितले आहे.

लाभार्थ्याने साक्ष देऊ नये असा कायदा असल्याने खालील दोघांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. दोघांनी माझ्यादेखत सह्या केल्या आणि दोघांनाही लिंबाचे सरबत दिले.

साक्षीदार:
१. ऑथ्नील होल्डर, वकील
२. ओनिटा स्किट, भाजी विक्रेती (“सही करते, पण गिटन्सचं तोंड बघायला मला पुढच्या रांगेत बसवा.” नोंद घेतली.)

सही: युडोरा क्लॅरिसा इयरवुड
स्थळ: दुकानामागची खोली, स्वान स्ट्रीट, ब्रिजटाउन
दिनांक: ८ नोव्हेंबर २०१६