खुर्चीवरून उठण्याची परवानगी

सोमवार, ९ मार्च

साहेब भडकले! सकाळी त्यांनी सज्जनला फोन केला, तर उचलला त्याच्या बायकोने – "ते गच्चीत गादी वाळत घालतायत. काही निरोप?" सज्जन हे टोपणनाव. आमच्या विमा ऑफिसातला सगळ्यात सरळ माणूस. आयुष्यात एकदा कामाच्या वेळी गादी उचलली आणि सापडला.

मग मला झापलं. दाव्यांच्या जोडीला माणसांचं खातंही माझ्याकडे ना! "बाई, घरून काम म्हणजे घरकाम नव्हे! शुक्रवारपर्यंत कडक नियम करा. नाहीतर एक तारखेपासून सगळे ऑफिसात."

सगळे म्हणजे मीसुद्धा. मग बाबांशी बोलणार कोण?

मंगळवार, १० मार्च

बाबांना बोलायला शिकवणाऱ्या बाई येऊन गेल्या. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांच्या तोंडून एखादाच शब्द फुटतो, आणि तो बहुतेक "नको" असतो. बाई म्हणाल्या, "दिवसभर यांच्याशी बोलत राहा. काहीही बोला, पण बोला. हे पुढचे काही महिनेच कामाचे." दिवसा सांभाळायला ठेवलेल्या ताई असतात, पण त्यांनी तोंडात जणू गुळणी धरलेली.

म्हणून लॅपटॉप बाबांच्या पलंगाजवळ आणला. आता प्रत्येक दावा मोठ्याने वाचते. आज एका गिऱ्हाइकाच्या फुटलेल्या टाकीची अख्खी हकिकत ऐकवली, खालच्या मजल्यावरच्या ओल्या गालिच्यासकट.

"कसं वाटलं, बाबा?"

"नको."

गुरुवार, १२ मार्च

मऊ नियम लिहिले तर साहेब म्हणणार, यात दम नाही, चला ऑफिसात. त्यापेक्षा असे लिहावेत की त्यांनाच घाम फुटावा!

तर – कामाच्या वेळेत खुर्ची सोडण्याआधी लेखी परवानगी घ्यावी. कारण स्पष्ट लिहावे. परत बसल्यावर तसे कळवावे. आणि परवानगी द्यायची फक्त कार्यालयप्रमुखांनी. दुसऱ्या कुणी नाही!

बाबांना वाचून दाखवलं. ओठाचा एक कोपरा हलला. हसले की घास अडकला, कळलं नाही.

शुक्रवार, १३ मार्च

साहेब खूश! "याला म्हणतात शिस्त!" लगेच सही. मी साळसूदपणे विचारलं, "परवानग्यांचं मी बघू का? तुम्हाला उगाच त्रास."

"छे छे! मी स्वतः बघणार."

बघा की!

सोमवार, १६ मार्च

सगळ्यांना एकेक करून फोन केला. नियम मोडायचा नाही. अगदी मनापासून पाळायचा. टायपिस्टबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. सज्जनला काहीच सांगितलं नाही. तो पाळणारच.

मंगळवार, १७ मार्च

अहाहा! टायपिस्टबाईंचे मेसेज –

"साहेब, पाणी प्यायला उठू का?"

"साहेब, प्यायले. बसले."

"साहेब, मघाशी प्यायलेल्या पाण्यासाठी उठू का?"

आणि सज्जन – "साहेब, शिंक येते आहे. जोराची आली तर खुर्ची सुटण्याचा संभव आहे. परवानगी असावी." गंमत म्हणून नव्हे, खरंच लिहिलंय त्याने!

बाबांना वाचून दाखवलं. आज हसलेच. आवाज काढून!

बुधवार, १८ मार्च

साहेबांचा फोन. मागे मेसेजांची किणकिण चालूच.

"हे लोक दिवसभर उठतात किती हो!"

"आधीही उठायचेच, साहेब. आता तुम्हाला कळतं, इतकंच."

मग हळूच, "टायपिस्टबाईंना पोटाचं काही आहे का?"

शुक्रवार, २० मार्च

अंगाशी आलं. "मरू दे ते नियम," साहेब म्हणाले. "सगळ्यांना ऑफिसात बोलावतो. निदान डोळ्यांसमोर राहतील."

फार शहाणपणा केला मी. आता मस्करी पुरे. म्हटलं, "साहेब, या आठवड्यात एकाचंही काम मागे पडलेलं नाही. अडलेत ते फक्त तुमच्या सहीसाठी आलेले दावे."

"मला सही करायला वेळ कुठे मिळाला?"

"तेच म्हणते. माणसं घरी काम करतात, साहेब. उठत-बसत करतात, पण करतात. नियम एकच ठेवा – काम ठरल्या वेळी पोचलं पाहिजे. मग कुणी गादी वाळत घालो, नाहीतर स्वतः गादीवर पडो."

पलीकडून फोन बंद. त्यांनी ठेवला की कट झाला, कळेना. बाबांना काही सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच खोलीत शांतता होती.

सोमवार, २३ मार्च

साहेबांची सही झाली! एकच नियम. ऑफिसात यायची सक्ती कुणावर नाही.

बाबांना बातमी तीनदा सांगितली. मग आठवडाभर तुंबलेले सगळे दावे वाचून दाखवले, संध्याकाळपर्यंत. एक गाडी, दोन दुकानं, कुणाचं तरी गळणारं छत. आता खंड पडू द्यायचा नाही.

बुधवार, २५ मार्च

बाबा बोलले! अख्खं वाक्य! एकेक शब्द वेचत, धापा टाकत, पण अख्खं –

"तू... ऑफिसात... जा गं. डोकं... खाल्लंस माझं."

मी रडले. हसले. मग साहेबांना फोन लावला – माझं टेबल अजून रिकामंच आहे ना?