बोटीची मागची फळी

बाबा, तुमच्या बोटीला मी मागून भोकं पाडली. हे आधीच सांगते, कारण आत्या दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती.

तुम्ही गेलात आणि मधलं डिझेल इंजिन लगेच जाम झालं. मी चौथीत होते तेव्हा. आता डिप्लोमा संपला, आणि इतकी वर्षं बोट वल्ह्यावरच चाललीये. धरणावर वारा सुटला की बायका अर्ध्या पाण्यातून परत येतात आणि पलीकडचं आपलं भात तसंच उभं राहतं. यंदा काका म्हणाले, कापणीला बायका नीट पोचल्या तर ठीक, नायतर बोट उलटी करून कोंबड्यांवर छप्पर घालतो. म्हणून मी पॉड बसवायचं ठरवलं. पॉड म्हणजे फायबरचा बंद डबा, मागच्या भिंतीला बाहेरून बोल्ट मारून लावायचा आणि त्याच्यावर मोटर टांगायची. मधलं इंजिन काढलं की ती सगळी जागा भाऱ्यांना. काकांनी त्याचं नाव ठेवलं शेपूट. व्हिडिओ बघून बोटी होतात काय गो, म्हणून हसले.

भोक पाडताना ड्रिलमधून फायबरचा भुसा उडाला आणि हाताला तीच खाज, तुमची. तुम्ही आटगावच्या बोटी बनवायच्या शेडमधून यायचे तेव्हा आई तुम्हाला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नव्हती. तुम्ही दारात बसून हाताला खोबरेल चोळताय, मी समोर होमवर्क करतेय, आणि तुम्ही माझं इंग्लिश पुस्तक हात न लावता लांबूनच बघताय. एकदा सुट्टीत मी शेडमध्ये रेझिनमध्ये हार्डनर जास्त ओतलं, लवकर सुकावं म्हणून. डबा तापला, धूर निघाला. तुम्ही डबा वाळूत ठेवला आणि एवढंच बोललात, "घाई त्याला नाय, तुला हाय." या वेळी मी थेंब मोजूनच टाकले. बोल्टभोवती सीलंट भरलं, आतून जाड पट्टी दिली, हातोडीने ठोकून कान लावला. कुठेच पोकळ नाही. तुमचं काम अजून घट्ट आहे, बाबा.

पहिल्या फेरीला सहा बायका, आत्या आणि मी. काका काठावर. मोटर चालू झाली, थोडं पुढे गेलो आणि ती एकदम किंचाळायला लागली. पंखा पाण्याबाहेर येऊन नुसता हवेत फिरत होता. मी स्पीड कमी केला, परत वाढवला, परत तेच. मला वाटलं पॉड उंच बसलाय, संपलं सगळं. काठावरून काकांनी हात हलवला, परत या.

बायका सगळ्या पुढे दाटीवाटीने बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर दुसरी. मी म्हटलं, मागे सरका ना, पुढे वजन झालंय. कोणी हललं नाही. एक काकू खाली बघत म्हणाली, तिथं तुझा बाबा बसायचा गो. तेव्हा मला कळलं. वल्हं मधून मारतात, त्यामुळे इतक्या वर्षांत मागच्या फळीवर बसायची कोणाला गरजच पडली नव्हती, आणि न बसता बसता तो रिवाजच झाला होता. मला जरा राग आला. मी म्हटलं, बाबा काय रागावणारेत का?

आत्या माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मंग तू तरी कुठं बसलीस? कवाची गुडघ्यावर हायेस."

खरंच. मोटरचा दांडा धरून मी बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात गुडघे टेकले होते. जीन्स भिजली होती, मला पत्ताच नाही. फळी माझ्या पाठीमागे रिकामी.

मी उठले आणि बसले. आत्या आली, माझ्या बाजूला टेकली, मग दोघी काकू. बोट मागे दबली, मोटरचा आवाज खाली आला आणि आम्ही निघालो. वाऱ्यातून सरळ. काका काठावर कमरेवर हात ठेवून उभे, लहान लहान होत गेले. दुपारी भारे घेऊन परतलो तेव्हा त्यांनी दोर धरला आणि विचारलं, उद्या किती फेऱ्या मारशील.

वल्ह्यावर दम जात नाही, त्यामुळे बायका आता बोटीत बोलतात. बरंचसं तुमच्याबद्दलच. हे पत्र मी वहीतच ठेवणार, नाहीतरी शुद्धलेखन बघून तुम्ही हसाल. आणि एक सांगते, हे आत्यालाही सांगितलेलं नाही. तुम्ही कसे बोलायचे ते त्या सांगतात, मी मान हलवते, हो हो म्हणते. मला तुमचा आवाज आठवत नाही.