समानुभूतीची परीक्षा आणि पंचमीचा मुराळी

चि. हनुमान यास, आणि त्याच्या निमित्ताने शहापूर-मुरबाड तालुक्यांतल्या समस्त जावई, मेहुणे आणि दीर मंडळींस,

(सवयीने सभेची सुरुवात होऊन गेली. खोडत नाही. पुढे जे लिहिणार आहे ते तुझ्या एकट्यापुरतं नाहीच.)

बंधूंनो, आपल्यावर पिढ्यान्‌पिढ्या एक अन्याय होत आला आहे आणि त्याविरुद्ध अजून एकही मोर्चा निघालेला नाही. आपल्याला घरात कोणी काही सांगत नाही, आणि मग एक दिवस विचारतात, ‘न सांगता कळायला नको होतं का?’ न सांगता कसं कळणार? निवडणुकीचा निकालसुद्धा लाउडस्पीकरवरून सांगतात. पण घरातल्या माणसाच्या मनात काय चाललंय हे मात्र आपण ताटात पडलेल्या भाकरीच्या जाडीवरून ओळखायचं.

असो. हनुमान, तुला आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? कारखान्यातली रात्रपाळी संपली असेल तर थोडं तेल लावून घे. शीतलला आणि पोरांना विचारल्याचं सांग. तुमच्याकडे लावणी आटपली असेल. आमचं एक खाचर राहिलंय, ते उद्यापर्यंत होईल. तुझी बहीण वत्सला बरी आहे (असं मी गेल्या आठवड्यापर्यंत छातीठोकपणे लिहिलं असतं). मी ठणठणीत आहे, फक्त घसा बसला आहे, आणि त्याचं घरात कोणाला फार दुःख झालेलं दिसत नाही. फोन न करता पत्र लिहितोय, कारण मी फोनवर मुद्द्याकडे वळलो की तुझ्याकडची रेंज जाते. नेमकी तेव्हाच कशी जाते, हाही संशोधनाचा विषय आहे. पत्राची रेंज जात नाही.

तर संशोधन. वैशाखात आमच्या गावात मनस्वी नावाची एक मुलगी आली. मुंबईला मानसशास्त्रात पीएच.डी. करते. तिचा अभ्यास असा की, ज्या घरांवर काही आघात झाला आहे, म्हणजे अपघात, अचानक मृत्यू, घर वाहून जाणं, त्या घरांतली माणसं एकमेकांचं मन किती ओळखतात आणि त्या ओळखण्याने जखम भरायला मदत होते का, हे मोजायचं. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते आतून कळणं, याला ती समानुभूती म्हणते. मी तिथल्या तिथे तिला पाठिंबा जाहीर केला. गेली तीस वर्षं मी व्यासपीठांवरून ओरडून सांगतोय की या तालुक्यात सगळ्याची मोजणी होते, धरणातलं पाणी मोजून मुंबईला जातं, हायवेला गेलेली जमीन इंचाइंचाने मोजली, पण माणसाचं मन कोणी मोजलं? आता मोजायला माणूस आपल्या दारात आला होता. (टाळ्या पडल्या नाहीत. पडवीत मी, मनस्वी आणि एक कोंबडी एवढेच होतो.)

तिने घरोघरी एक प्रश्नावली भरून घेतली. एकेक वाक्य वाचून दाखवायचं, ‘मला रात्री दचकून जाग येते’, ‘दुसऱ्याचं दुःख पाहून माझ्या पोटात कालवतं’, ‘माझं कोणी नाही असं मला वाटतं’, आणि ते आपल्याला किती लागू पडतं ते एक ते पाच अशा आकड्यांत सांगायचं. संध्याकाळी पोरगी माझ्याकडे आली ती रडकुंडीला येऊन. आख्ख्या गावाने सगळ्या वाक्यांना पाच दिले होते. तिच्या हिशेबाने आमचं गाव जगातलं सर्वांत कनवाळू गाव होतं, आणि त्याच वेळी गावातलं प्रत्येक माणूस रात्रभर दचकत होतं. डॉक्टरांचं पथक बोलवावं का, असं ती मला विचारत होती.

मी तिला घेऊन धोंडीबाबाकडे गेलो. या म्हाताऱ्याच्या घरात नातवंडांना झोपायला जागा पुरत नाही, आणि त्याने ‘माझं कोणी नाही’ला पाच दिले होते. मी विचारलं, बाबा, हे काय? तर म्हणतो कसा, “आरं, एवढीशी पोर, उन्हातानाची आपल्या दारात आली. तिला काय दोन मार्क देऊन धाडू? तिचे मास्तर काय म्हणतील तिला?”

हनुमान, लक्षात आलं का? गावाला वाटलं, मार्क तिला द्यायचेत. पाहुण्याला नापास करून पाठवायची आपल्याकडे रीत नाही, तेव्हा सगळ्यांनी मिळून पोरीला पहिल्या नंबराने पास केलं होतं. मी त्याच रात्री देवळापुढे सभा घेतली. तापमापीतला पारा कोणाच्या भिडेखातर चढत नाही, विज्ञानाला पाहुणचार चालत नाही, खरं तेच बोला, असं जीव तोडून सांगितलं. भाषण चांगलं झालं असावं, कारण दुसऱ्या फेरीत सगळ्या गावाने सगळ्या वाक्यांना तीन दिले. मी कारण विचारलं तर म्हणाले, तुमी एवढे चिडलात, मग म्हटलं मधे राहिलेलं बरं.

मनस्वी मात्र जिद्दीची. कागदावरच्या आकड्यांचा नाद तिने सोडला आणि गेल्या आठवड्यात दुसरीच पद्धत घेऊन परत आली. ही पद्धत ऐक, ऐकण्यासारखी आहे. नवरा-बायकोला समोरासमोर बसवायचं, एखाद्या मतभेदाच्या गोष्टीवर थोडा वेळ बोलायला लावायचं आणि त्याचं चित्रीकरण करायचं. मग तेच चित्रीकरण दोघांना वेगवेगळं दाखवायचं. मधेच थांबवून विचारायचं, या क्षणी तुमच्या मनात काय होतं? आणि समोरच्याच्या मनात काय होतं असं तुम्हाला वाटतं? शेवटी दोघांना एकत्र बसवून उत्तरं ताडून पाहायची. जितकी जुळली तितकी समानुभूती. मला ही कल्पना इतकी आवडली की पहिलं जोडपं म्हणून मी आमचंच नाव दिलं. गावाला आदर्श दाखवायला नको का?

सुरुवातीलाच तिने विचारलं, अलीकडे घरात मनाला धक्का बसेल असं काही घडलं का? मी म्हणालो, नाही. वत्सला म्हणाली, “आई गेली.” मी मनस्वीला समजावलं की सासूबाईंना जाऊन दीड वर्ष झालं, वर्षश्राद्धही व्यवस्थित पार पडलं. मनस्वीने नुसती मान हलवली. (या मुलीला गप्प बसण्याचं शिक्षण दिलेलं आहे. आपल्या पुढाऱ्यांनाही द्यावं.) मग मतभेदाचा विषय. मी म्हणालो, आमच्यात मतभेदच नाहीत. वत्सला म्हणाली, “हे यांचं मत झालं.” शेवटी विषय ठरला, मागच्या दारचं आंब्याचं झाड तोडावं की ठेवावं. मी ठेवण्याच्या बाजूने बोललो. पर्यावरण, सावली, येणाऱ्या पिढ्या, सगळं आलं. वत्सलाच्या वाट्याला मधे मधे “हां” आलं. वेळ संपल्यावर कळलं की तीही ठेवण्याच्याच बाजूची होती.

आता निकाल. उत्तरं ताडायला आम्ही पडवीत बसलो. मनस्वी चित्रीकरण थांबवी आणि दोघांची उत्तरं वाचून दाखवी. माझ्या मनात काय होतं हे वत्सलाने जवळपास सगळीकडे बरोबर सांगितलं होतं. ‘इथं मुद्दा विसरलेत, आता खोकतील’, आणि मी खोकलो होतो. ‘इथं वाटतंय की आपलं चांगलं चाललंय.’ ‘इथं चहा हवाय.’ एकदा तर मला स्वतःला आठवत नव्हतं ते तिने सांगितलं आणि मला पटलं.

मग माझी पाळी. एका ठिकाणी चित्र थांबलं. मी येणाऱ्या पिढ्यांवर आलो होतो, हात वर होता, आणि वत्सला मान किंचित वळवून, डोळे स्थिर ठेवून बसली होती. त्या जागेवर मी उत्तर दिलं होतं, ‘भारावून ऐकते आहे’. मनस्वीने तिचं उत्तर वाचलं. तिने म्हटलं होतं, “रस्त्याला फटफटी वाजली. वाटलं, हनुमान आला. नाय आला.”

मी म्हणालो, कसली फटफटी? मला काही ऐकू आलं नव्हतं. मनस्वीने तो भाग पुन्हा लावला, आवाज मोठा केला. माझ्या आवाजाखालून, पार खालून, एक मोटारसायकल उंबरमाळीच्या बाजूने चढ चढत आली, आमच्या वळणावर मंद झाली आणि तशीच पुढे निघून गेली. पुढे आणखी दोनदा चित्र थांबलं. दोन्हीकडे मी ‘पटलेलं दिसतंय’ असं उत्तर दिलं होतं. दोन्हीकडे फटफटीच होती.

हनुमान, कोणाची मामी, काकी झालेली कोणतीही बाई तुला हे समजावून सांगेल, पण मीच सांगतो, कारण मला आताच समजलंय आणि नवा शिष्य गुरूपेक्षा जास्त बोलतो. लग्न झाल्यापासून दरवर्षी नागपंचमीच्या आधी तुझी आई, बाईजाबाई, वत्सलाला माहेरी न्यायला मुराळी धाडायची. पहिली काही वर्षं तुझे वडील आले, मग तू सायकलवर यायचास, मग फटफटीवर. तू येऊन ओट्यावर बसायचास, ‘ताईला न्यायला आलोय’ म्हणायचास, मी थोडा भाव खायचो, मग हो म्हणायचो. मागच्या वर्षी पंचमी सुतकाच्या वर्षात आली, सण नव्हता, मुराळी आला नाही, ते बरोबरच होतं. वर्षश्राद्धाला ती तुमच्याकडे आली आणि त्याच संध्याकाळी परतली, तेही बरोबर. पण मुराळी धाडणारी आईच गेली, आणि पुढे हे काम कोणाचं, हे कोणीच ठरवलं नाही. तू म्हणत असशील, तिचंच घर आहे, कधीही येईल, बोलवायचं काय त्यात. मी म्हणत होतो, जायचं असेल तर सांगेल. आपण दोघंही प्रेमाने गप्प बसलो आहोत आणि ती बाई फटफट्या ऐकते आहे. आई गेल्यावर माहेर राहिलं का, एवढंच तिला जाणून घ्यायचंय, आणि ते विचारायची तिच्याकडे सोय नाही.

मी तिला म्हणालो, एक फोन कर ना भावाला. तर म्हणाली, “सांगून आलेला मुराळी कसला वो?” आणि आत गेली. बघ, यावर मी तीस वर्षांत वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही. सांगितलं तर त्याची किंमत जाते, न सांगितलं तर कळत नाही. मी मनस्वीला विचारलं, तुमच्या शास्त्राचं यावर काय म्हणणं? ती म्हणाली, काका, तेच तर शोधतेय.

तेव्हा हे पत्र गुप्त समजावं. तिच्या नकळत लिहितोय. वाचून झालं की चुलीत घाल.

तुझा दाजी,
बारकू

ता. क. : आमचे गुण किती, हे मनस्वीने सांगितलं नाही. असे आकडे एकेकाला द्यायचे नसतात म्हणाली. मी फार आग्रह केल्यावर एवढंच म्हणाली की वत्सलाकाकूंमुळे तुमच्या घराची सरासरी चांगली आहे.

आणखी एक ता. क. : धोंडीबाबा रोज विचारतो, पोर पास झाली का?

शेवटचा ता. क. : पाकीट बंद करत होतो तेवढ्यात वत्सला चहा घेऊन आली. “कोणाला लिवताय एवढं?” मी म्हणालो, कलेक्टरला, आपल्या रस्त्याबद्दल. तिने पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही. कप ठेवला, दारापर्यंत गेली, आणि तिथूनच म्हणाली, “मग कलेक्टरला लिवा, शनवारी या म्हणावं, आईतवारी आमच्याकडं गर्दी असते. आणि पावसाचं येताना रेनकोट दोन आणा म्हणावं.”

तर कलेक्टरसाहेब, पंचमीच्या आधीच्या शनिवारी दोन रेनकोट घेऊन निघा. वळणावर हॉर्न वाजवा. आणि ओट्यावर बसल्यावर असं दाखवा, की तुम्हाला कोणीही काहीही सांगितलेलं नाही.